रेघ कोणी ओढली? माणूस आणि प्राणी यांच्या सीमारेषेचा इतिहास

१/
सप्टेंबर १९०६. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील माकडघरापाशी एक नवा फलक लागला. नाव : ओटा बेंगा. वय २३ वर्षे, उंची ४ फूट ११ इंच, वजन १०३ पौंड. आफ्रिकेच्या कोणत्या नदीकाठाहून आणला, कोणी आणला, हेही लिहिलेले. शेवटी सूचना : सप्टेंबरभर रोज दुपारी पाहावयास मिळेल. मजकुराची धाटणी प्राण्यांच्या फलकाचीच होती. पिंजऱ्यात होता तो माणूस.

२/
ओटा बेंगा कांगोच्या जंगलातला, ज्यांना युरोपीय लोक ‘पिग्मी’ म्हणत त्या लोकांपैकी. तेव्हाचा कांगो म्हणजे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता. सॅम्युएल व्हर्नर नावाच्या अमेरिकनाने १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याला प्रथम अमेरिकेत आणले. दोन वर्षांनी तो ब्राँक्सच्या माकडघरात आला, सोबतीला दोहोंग नावाचा ओरँगउटान. वृत्तपत्रांनी एका दिवसाची गर्दी ४०,००० च्या घरात सांगितली. लोक हसत, ओरडत, त्याला डिवचत. संचालक विल्यम हॉर्नडे याला यात गैर असे काही दिसत नव्हते.

३/
माणूस इतर प्राण्यांहून खरोखर वेगळा आहे काय? प्रश्न शास्त्राचा वाटतो, आणि आहेही. परंतु गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्याला दुसरा एक प्रश्न सतत चिकटलेला आढळतो : माणूस म्हणून गणायचे कोणाला? पहिल्या प्रश्नाची उत्तरे शोधता शोधता अनेकांनी दुसऱ्याचा निकाल परस्पर लावून टाकला. या धाग्यात दोन्ही प्रश्नांचा एकत्र प्रवास पाहू. ब्राँक्सला आपण पुन्हा येणार आहोत, दोनदा.

४/
१६९८ साली अंगोलाहून लंडनला आणलेला एक कोवळा चिंपांझी मरण पावला. एडवर्ड टायसन या वैद्याने त्याचे विच्छेदन केले आणि पुढच्या वर्षी ग्रंथ प्रसिद्ध केला. माकडांपेक्षा माणसाशी जुळणारी ४० हून अधिक शरीरलक्षणे त्याने मोजून मांडली. मेंदू जवळजवळ माणसासारखा, स्वरयंत्रही तसेच. मग हा प्राणी बोलत का नाही? टायसनने उत्तर शरीराबाहेर शोधले : माणसाला वरचे, दैवी असे काही लाभले आहे.

५/
या ग्रंथातील एक तपशील मनात जपून ठेवावा असा आहे. टायसनने त्या चिंपांझीला ‘पिग्मी’ म्हटले. एवढेच नव्हे, तर प्राचीन ग्रीकांनी वर्णिलेले पिग्मी ही माणसे नव्हतीच, ती माकडे किंवा वानर होती, असे सिद्ध करणारा निबंधही ग्रंथाला जोडला. शब्द एकदा वानराला चिकटला. दोनशे वर्षांनी तोच शब्द ब्राँक्सच्या फलकावर एका माणसाच्या नावाआधी लिहिला गेला.

६/
टायसनला पडलेला भाषेचा प्रश्न त्याच्या आधीचाच. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये सीमारेषा ठामपणे आखली होती : प्राणी हे यंत्रवत असतात; माणसाला विवेक आहे आणि त्याचा पुरावा म्हणजे भाषा. मंदबुद्धी माणूसही शब्द जुळवून आपला विचार सांगू शकतो, प्राणी ते करू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद. शंभर वर्षांनी ला मेत्री या फ्रेंच वैद्याने तो उलटवला. प्राणी यंत्र असतील तर माणूसही यंत्रच. आणि योग्य शिक्षण दिले तर वानरालाही भाषा शिकवता येईल, असे त्याने सुचवले. या सूचनेची प्रत्यक्ष परीक्षा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

७/
दरम्यान स्वीडनमध्ये कार्ल लिनियस साऱ्या सजीवसृष्टीची वर्गवारी लावत होता. १७३५ च्या ‘सिस्टेमा नॅचुरे’मध्ये त्याने माणसाला वानर आणि स्लॉथ यांच्यासोबत एका गणात बसवले. टीका झाली. १७४७ मध्ये त्याने ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाला पत्रातून उलट आव्हान दिले : निसर्गशास्त्राच्या नियमांनी माणूस आणि वानर यांना वेगळे करणारे एखादे लक्षण कोणी दाखवावे, मला तरी ठाऊक नाही. माणसाला वानर म्हटले तर सारे धर्मपंडित अंगावर येतील, हेही त्याने त्याच पत्रात कबूल केले.

८/
१७५८ च्या दहाव्या आवृत्तीत लिनियसने आपल्याला ‘होमो सेपियन्स’ हे नाव दिले. पण त्याच पानांवर त्याने माणसाचे खंडनिहाय प्रकारही पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवला. युरोपीय कायद्याने चालतो, अमेरिकेचा मूलनिवासी रूढीने, आशियाई मताने आणि आफ्रिकी लहरीने. माणूस आणि वानर यांच्यामधली रेघ पुसणाऱ्या हातानेच माणसामाणसांत नव्या रेघा ओढल्या. पुढच्या दीडशे वर्षांची गोष्ट या एका पुस्तकात बीजरूपाने आहे.

९/
या रेघांची किंमत कोण मोजत होते? अटलांटिक महासागर ओलांडून जहाजांच्या तळघरांत कोंबून नेले जाणारे लाखो आफ्रिकी. कायद्याच्या लेखी ते मालमत्ता होते. १७७२ मध्ये लंडनला जेम्स सॉमरसेट या गुलामाला त्याचा मालक बळजबरीने जमैकाला पाठवू पाहत होता. त्याच्या सुटकेसाठी ‘हेबिअस कॉर्पस’ची मागणी झाली, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम. न्यायमूर्ती मॅन्सफिल्डने त्याला मुक्त केले. हा खटला लक्षात ठेवा. २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला जाणार आहे.

१०/
१७८७ मध्ये जोसाया वेजवुड या कुंभकलेच्या कारखानदाराने एक पदक घडवले. गुडघ्यावर बसलेला, साखळदंडातला आफ्रिकी, आणि भोवती एक प्रश्न : मी माणूस नाही काय, तुमचा बंधू नाही काय? हे पदक गुलामगिरीविरोधी चळवळीची खूण बनले. वेजवुडचा नातू म्हणजे चार्ल्स डार्विन. एडिंबरोला शिकत असताना डार्विनने पक्षी पेंढा भरून टिकवण्याची विद्या जॉन एडमनस्टन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाकडून घेतली. त्या सहवासाची आठवण त्याने उतारवयातही जपली.

११/
१८३८ च्या मार्चमध्ये डार्विन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाच्या ओरँगउटान मादीला पाहायला गेला. रखवालदाराने सफरचंद दाखवले, दिले नाही. जेनी हट्टी मुलासारखी पाठीवर पडून हातपाय झाडू लागली. मग समजूत पटल्यासारखी शांत झाली आणि सफरचंद मिळाल्यावर खुशीत खात बसली. डार्विनच्या टिपणवह्यांत उत्क्रांतीचा विचार तेव्हा आकार घेत होता. तरीही १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये माणसाविषयी त्याने जेमतेम एक वाक्य लिहिले. वादाची धग त्याला ठाऊक होती.

१२/
ती धग आधीच पेटली होती. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारा रिचर्ड ओवेन हा त्या काळचा सर्वांत प्रतिष्ठित शरीररचनातज्ज्ञ. १८५७ मध्ये त्याने सस्तन प्राण्यांमध्ये माणसासाठी एक स्वतंत्र उपवर्गच काढला. आधार : मेंदूतील तीन वैशिष्ट्ये. त्यांपैकी एक म्हणजे ‘हिप्पोकँपस मायनर’ नावाची मागच्या बाजूची छोटीशी घडी. ती केवळ माणसात असते, कोणत्याही वानरात नसते, असा त्याचा दावा. माणसाचे वेगळेपण अखेर बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी सापडले होते!

१३/
३० जून १८६० ची ऑक्सफर्डची सभा प्रसिद्ध आहे. बिशप विल्बरफोर्स आणि थॉमस हक्स्ली यांची तिथली खडाजंगी अनेकांनी ऐकली असेल. शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची चकमक मात्र दोन दिवस आधी झाली. ओवेनने मेंदूचा दावा पुन्हा मांडला आणि हक्स्लीने भर सभेत तो सपशेल नाकारला, पुरावा छापून देण्याचे वचनही दिले. पुढची दोन वर्षे इंग्लंडमध्ये माकडांचे आणि वानरांचे मेंदू एकामागून एक चिरले गेले. प्रत्येक वेळी ती घडी सापडली. ज्या डच तज्ज्ञांच्या आकृतीवर ओवेन विसंबला होता, त्यांनीही ओरँगउटानचा मेंदू तपासून त्याच्या विरुद्ध साक्ष दिली.

१४/
हा वाद सामान्य लोकांपर्यंत विनोदातून पोहोचला. चार्ल्स किंग्जलीने १८६३ च्या आपल्या बालकादंबरीत हिप्पोकँपसचा ‘हिप्पोपोटॅमस’ करून पंडितांची टर उडवली. ‘पंच’ साप्ताहिकाने मे १८६१ मध्ये गळ्यात पाटी अडकवलेला गोरिला छापला. पाटीवर वेजवुडच्या पदकावरचाच प्रश्न : मी माणूस आणि बंधू आहे काय? ज्या प्रश्नाने गुलामाचे माणूसपण मागितले होते, तो आता गोरिलाच्या तोंडी विनोद म्हणून आला. अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटून तेव्हा महिना उलटला होता.

१५/
१८६३ मध्ये हक्स्लीचे ‘मॅन्स प्लेस इन नेचर’ आले आणि ओवेनचा पराभव पक्का झाला. शरीररचनेच्या प्रश्नावर हक्स्ली बरोबर होता, यात शंका नाही. पण त्याच्या युक्तिवादातला एक दुवा आज वाचताना खटकतो. वानर आणि माणूस यांच्यातले अंतर कमी दाखवण्यासाठी त्याने मानववंशांची ‘खालचे’ आणि ‘वरचे’ अशी उतरंड गृहीत धरली. उलट ओवेनने वानराला दरीपलीकडे ठेवले होते, तरी सर्व वंशांची माणसे अलीकडे, एकाच प्रजातीत होती. चुकीच्या शास्त्राने सर्वांना एका काठावर ठेवले. बरोबर शास्त्राने शिडी उभी केली.

१६/
शिडीचा उपयोग करणारे टपलेलेच होते. त्याच वर्षी जेम्स हंटने लंडनमध्ये मानवशास्त्र मंडळ स्थापले आणि हक्स्लीच्या शीर्षकाची नक्कल करून ‘निग्रोचे निसर्गातील स्थान’ या विषयावर निबंध वाचला. निष्कर्ष गुलामगिरीच्या समर्थकांना हवा तोच. हक्स्लीने त्याच्या विधानांवर जाहीर टीका केली, गुलामगिरीचाही निषेध केला. तरी १८६५ च्या लेखात कृष्णवर्णीय बुद्धीने गोऱ्यांच्या बरोबरीचे आहेत हे मानायला तो तयार नव्हता. १८७१ मध्ये डार्विनने लिहिले की माणूस आणि उच्च प्राणी यांच्या मनांतील फरक मोठा आहे, पण तो प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नव्हे. विधान प्राण्यांविषयी होते. ऐकणाऱ्यांनी ते माणसांच्या उतरंडीसाठीही वापरले.

१७/
आता पुन्हा १९०६. ब्राँक्सच्या माकडघराविरुद्ध पहिला आवाज उठवला तो न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी. त्यांचे अग्रणी रेव्हरंड जेम्स गॉर्डन. आमचा समाज आधीच पुरेसा दडपलेला आहे, त्यातल्या एकाला वानरांबरोबर मांडू नका, आम्ही आत्मा असलेली माणसे आहोत, असा त्यांचा आशय होता. हे प्रदर्शन डार्विनच्या सिद्धान्ताचा प्रचार करते आणि तो सिद्धान्त ख्रिस्ती धर्माविरुद्ध आहे, हाही त्यांचा आक्षेप होता. आज आपण म्हणू, शास्त्राबाबत ते चुकले. पण ज्यांना वानराच्या शेजारी बसवले जात होते, त्यांना ‘आपण सारेच वानरांचे नातलग’ हे वाक्य कसे ऐकू आले असेल?

१८/
निषेधामुळे ते प्रदर्शन महिन्याअखेर संपले. ओटा बेंगा गॉर्डन यांच्या अनाथाश्रमात राहिला आणि १९१० मध्ये व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्गला गेला. तिथे इंग्रजी शिकला, तंबाखूच्या कारखान्यात काम केले. मायदेशी परतणे घडले नाही. २० मार्च १९१६ रोजी त्याने स्वतःचे जीवन संपवले. त्याच वर्षी मॅडिसन ग्रँट याचे वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे कुप्रसिद्ध पुस्तक प्रसिद्ध झाले. माकडघरातल्या प्रदर्शनाच्या वेळी हा ग्रँट प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचा चिटणीस होता. त्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती जुलै २०२० मध्ये.

१९/
माणसाला प्राण्याच्या पंक्तीत बसवायला वंशशास्त्रच लागते असे नाही. आपल्याकडे ते काम शास्त्राविना, रूढीने झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना होता. नंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली ती पंचगव्याने, म्हणजे गाईच्या दूध, दही, तूप, मूत्र आणि शेणाने. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी जनावराच्या शेणाने पवित्र झाले! इथे रेघ माणूस आणि प्राणी यांच्यामध्ये नव्हतीच. ती माणसांना विभागत होती आणि प्राण्यांना पलीकडच्या माणसांच्या वर बसवत होती. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा हक्क मान्य केला.

२०/
शास्त्रातली रेघ मात्र सरकत राहिली. मेंदूची घडी गेली, मग हत्यारे आली. १९४९ मध्ये केनेथ ओकलीच्या पुस्तकाने ‘हत्यारे बनवणारा तो माणूस’ ही व्याख्या लोकप्रिय केली. नोव्हेंबर १९६० मध्ये टांगानिकातील गोंबे येथे २६ वर्षांच्या जेन गुडालने एका चिंपांझीला वारुळात गवताची काडी घालून वाळवी टिपताना पाहिले. डहाळीची पाने ओरबाडून ती कामाजोगी करतानाही चिंपांझी तिला दिसले. तिचे मार्गदर्शक लुई लीकी यांनी तार केली, तिचा आशय असा : आता हत्याराची व्याख्या बदला, माणसाची बदला, नाहीतर चिंपांझींना माणूस म्हणा.

२१/
उरली भाषा. ला मेत्रीची सूचना अखेर कसाला लागली. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वॉशो या चिंपांझी मादीला अमेरिकी संकेतभाषेतील सुमारे १३० खुणा शिकवल्या. पण १९७९ मध्ये हर्बर्ट टेरेसने निम नावाच्या चिंपांझीच्या चित्रफिती तपासून सांगितले की खुणा आहेत, वाक्यरचना नाही. अनेकदा ते शिक्षकाचेच अनुकरण. इथे देकार्तच्या रेषेचा बराच भाग अजून शाबूत आहे. निमचे पुढे काय झाले? माणसाच्या घरात वाढलेल्या त्या चिंपांझीची रवानगी १९८२ मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळेत झाली. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो सुटला.

२२/
मग माणूस वेगळा आहे की नाही? आहे, आणि ते वेगळेपण लहानही नाही. व्याकरण असलेली भाषा, आणि एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीने वाढवत नेण्याची आपली क्षमता इतरत्र या प्रमाणात आढळत नाही. परंतु चिंपांझीचा आणि आपला समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. २००५ मध्ये जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा समोरासमोर ठेवता येणाऱ्या अक्षरांत सुमारे १.२ टक्के फरक निघाला. फरक खरा आहे आणि नातेही खरे आहे. ओवेनची ‘फक्त माणसात’ असलेली एकच जागा मात्र सापडलेली नाही.

२३/
शेवटची भेट ब्राँक्सची. त्याच प्राणिसंग्रहालयातील हॅपी नावाच्या हत्तिणीने आरशात स्वतःला ओळखल्याचा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यावर रंगवलेली खूण आरशात पाहून तिने सोंडेने चाचपली होती. पुढे तिच्या सुटकेसाठी ‘हेबिअस कॉर्पस’ची मागणी झाली आणि वकिलांनी दाखला दिला तो जेम्स सॉमरसेटचा. १४ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी नकार दिला : हा हुकूम माणसांच्या स्वातंत्र्यासाठी आहे.

२४/
गुलामाच्या खटल्याचा दाखला हत्तिणीसाठी वापरणे कोणाला न्यायाचा विस्तार वाटेल. ज्यांच्या पूर्वजांना जनावर ठरवून विकले, त्यांच्यापैकी कोणाला तो जुना अपमान वाटेल. गॉर्डन यांचे पत्र वाचल्यावर ही दुसरी भावना झिडकारता येत नाही. आणि आरशापुढे उभी असलेली हॅपी पाहिल्यावर पहिलीही झिडकारता येत नाही.

२५/
तीनशे वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट दिसते. प्राण्याशी नाते सांगितल्याने कोणा माणसाची किंमत कमी झाली नाही. ती कमी केली गेली, जेव्हा नाते काही माणसांचेच जवळचे आणि काहींचे दूरचे ठरवले गेले. ओटा बेंगाचा अपमान तो वानराच्या जवळचा आहे या विधानात नव्हता. तितका जवळचा तर हॉर्नडेही होता. अपमान यात होता की पिंजऱ्यात एकाला घातले आणि दुसऱ्याने तिकिटाची खिडकी सांभाळली. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘माणूस वेगळा का?’ असे विचारील, तेव्हा उत्तर जरूर शोधावे. पण रेघ ओढणारा स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे, तेही पाहावे.

(धागा समाप्त)